मिठाच्या खड्यात रेणू नसतो

अकरावीच्या वर्गात एका मुलीने मला विचारले होते, "सर, मिठाचा एक रेणू केवढा असतो?" तिचे गाव पेणजवळच्या खारपट्ट्यातले, घरची माणसे मिठागरावर कामाला जाणारी. मी फळ्यावर सोडिअमचा एक गोळा काढला, त्याला चिकटवून क्लोरिनचा दुसरा काढला आणि म्हणालो, "एवढा." ती खाली बसली. उत्तर तिला पटले नव्हते, हे दिसत होते. आणि ते चुकीचे होते, हे मला ठाऊक होते. तास संपत आला होता, पुढचा धडा वाट पाहत होता, म्हणून मी सोपे उत्तर देऊन मोकळा झालो. ही रुखरुख पुष्कळ वर्षे राहिली. पुढची पाने लिहायला बसलो ती त्या प्रश्नामुळे.

खरे उत्तर असे, की मिठाच्या खड्यात मिठाचा रेणू नसतोच. साखरेचा दाणा फोडत फोडत गेलो तर शेवटी साखरेचा एक रेणू हाती उरतो, आणि तोही साखरच असतो. मिठाचे तसे होत नाही. खड्यात सोडिअमचे धनभारित आयन आणि क्लोरिनचे ऋणभारित आयन एकाआड एक मांडलेले असतात. प्रत्येक सोडिअमला सहा शेजारी: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. सहाही क्लोराइड, सहाही सारख्याच अंतरावर, २८२ पिकोमीटरवर. प्रत्येक क्लोराइडभोवतीही तसेच सहा सोडिअम. यातला कोणता क्लोराइड कोणत्या सोडिअमचा, या प्रश्नाला तिथे अर्थच नाही. बारीक मिठाच्या दाण्याची कड ०.३ मिलिमीटर धरली तर त्या एका कडेवर दहा लाखांच्या आसपास आयन ओळीने उभे असतात, आणि ही ओळ मध्ये कुठे तुटत नाही. सूत्रात आपण सोडिअम एक, क्लोरिन एक असे लिहितो ते फक्त प्रमाण आहे.

ही मांडणी विल्यम बार्लो याने एकोणिसाव्या शतकातच अंदाजाने सुचवली होती, पण तिला पुरावा मिळाला तो १९१३ साली. लॉरेन्स ब्रॅग या तेवीस वर्षांच्या तरुणाने खड्यांवर क्ष-किरण सोडून, ते कोणत्या कोनात परततात यावरून आतली रचना काढली. दोन वर्षांनी त्याला वडिलांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही सगळ्यांना ते पटले असे नाही. १९२७ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग या ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या रसायनशास्त्रज्ञाने 'नेचर'मध्ये संतापून पत्र लिहिले. मिठात रेणूच नाही आणि आहे ती बुद्धिबळाच्या पटासारखी नुसती मांडणी, ही गोष्ट त्याच्या बुद्धीला मानवत नव्हती. आर्मस्ट्राँगचे पत्र आज विनोद म्हणून सांगितले जाते. मला त्यात विनोद दिसत नाही. ज्याने आयुष्यभर कार्बनी संयुगांचे रेणू हाताळले, त्याला रेणूशिवायचा पदार्थ अधांतरी वाटला यात नवल काय? त्याची अडचण खरी होती, आणि ही मांडणी पहिल्यांदा भेटणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची तीच अडचण असते. शिक्षकाने ती ओलांडायला हात द्यायचा असतो. मी त्या दिवशी दिला नाही.

मीठ हे एका मोठ्या कुळाचे मूळ नाव आहे, हेही इथेच सांगायला हवे. फ्लुओरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन यांना हॅलोजन म्हणतात. त्या शब्दाचा ग्रीक अर्थ मीठ उत्पन्न करणारा. त्यांची धातूंशी झालेली संयुगे म्हणजे हॅलाइड. म्हणजे हॅलाइड म्हणताना आपण अजाणता मिठाचेच नाव घेत असतो. मराठीत मात्र शब्दांचा थोडा गोंधळ आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत आम्ल आणि आम्लारी मिळून जे होते त्याला क्षार म्हणतात. हिंदीत नेमक्या त्याच गोष्टीला लवण म्हणतात आणि क्षार म्हणजे तिथे अल्कली. आयुर्वेदातला क्षारही दाहक, अल्कलीकडे झुकणारा. हिंदी पुस्तक उघडलेला मराठी विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. मी या पुस्तकात मराठीचीच रीत ठेवली आहे.

आता त्या फळ्यावरच्या दोन गोळ्यांकडे परत येतो, कारण खरा घोटाळा तिथे आहे. आपण मुलांना सांगतो: सोडिअमच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरिनला एक कमी; याने दिला, त्याने घेतला, दोघांची अष्टके पूर्ण झाली, दोघे सुखी झाले. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण तिचा हिशेब जुळत नाही. एक मोल सोडिअम अणूंचे इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. तेच इलेक्ट्रॉन क्लोरिनने घेतले की परत मिळतात ३४९. म्हणजे या देण्याघेण्यात १४७ किलोज्यूलचा चक्क तोटा आहे. अष्टक पूर्ण करण्याच्या हौसेने सोडिअम आपला इलेक्ट्रॉन कधीच सोडणार नाही.

मग तोटा भरून कोण काढते? विरुद्ध भारांची ओढ. धन आणि ऋण आयन जवळ आले की ऊर्जा बाहेर पडते. आणि इथे गर्दीचे महत्त्व कळते. मीठ अतिशय तापवून त्याची वाफ केली तर तिच्यात एक सोडिअम आणि एक क्लोरिन अशी सुटी जोडी सापडते. वाफेत मिठाचा रेणू असतो, हे कबूल करायला हवे. त्या जोडीतले अंतर २३६ पिकोमीटर, म्हणजे खड्यातल्या अंतरापेक्षा बरेच कमी. एकटी असताना ती दोघे एकमेकांना घट्ट धरून असतात. खड्यात सहा-सहा शेजाऱ्यांमध्ये ओढ वाटली जाते आणि अंतर वाढते. तरीही एकूण बांधणी खड्यातच अधिक पक्की. प्रत्येक जोडीचा हात सैल झाला आणि सगळे मिळून मात्र जास्त मजबूत झाले! मी ही दोन अंतरे पहिल्यांदा शेजारी लिहिली तेव्हा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो होतो.

या गर्दीची बेरीज करण्याची पद्धत एर्विन मॅडेलुंग याने १९१८ मध्ये मांडली. खड्यातल्या कुठल्याही एका सोडिअमवर उभे राहा. सहा क्लोराइड अगदी जवळ, त्यांची ओढ: सहा. त्यापलीकडे बारा सोडिअम, ते ढकलणारे: वजा ८.४९. पुढचे आठ क्लोराइड: अधिक ४.६२. मग सहा सोडिअम: वजा तीन. मग चोवीस क्लोराइड: अधिक १०.७३. बेरीज वर जाते, खाली येते, पुन्हा उसळते. गोल गोल कवचे घेत गेलो तर ती कधी स्थिरच होत नाही. नीट गट पाडून केली तर एका आकड्यावर येऊन थांबते: १.७४७६. सुट्या जोडीत हा आकडा १ असतो. त्यावरचे पाऊण म्हणजे गर्दीची कमाई. यातूनच मिठाची जालक ऊर्जा, म्हणजे सुट्या आयनांचा खडा होताना बाहेर पडणारी ऊर्जा, निघते: मोलामागे ७८७ किलोज्यूल. सोडिअम धातू सुटा करायचा खर्च १०८, क्लोरिनचे अणू सुटे करायचा १२१, इलेक्ट्रॉन काढायचा ४९६. जमा बाजूला ३४९ आणि ७८७. हातात उरतात ४११ किलोज्यूल, आणि प्रत्यक्ष मोजले तरी तेवढेच भरतात. पाण्यात टाकताच पेट घेणारा मऊ धातू आणि १९१५ मध्ये इप्रच्या खंदकांत माणसे गुदमरवणारा हिरवट वायू, यांच्यापासून चवीपुरते घालायची वस्तू होते ती या जमाखर्चामुळे.

खडा ठिसूळ का, याचे उत्तरही मांडणीतच आहे. जाडे मीठ खलबत्त्यात घेऊन एक घाव घाला आणि तुकडे भिंगाखाली पाहा: सपाट बाजू, काटकोन. लहान तुकडा पुन्हा लहानसा ठोकळाच. घावाने एक थर दुसऱ्यावरून एका आयनाइतका जरी सरकला, तरी धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतात आणि थर एकमेकांना ढकलून देतात. तांब्याचा तुकडा असता तर चेपला असता. मीठ फुटते.

हे सगळे मला पुस्तकांतून कळले होते. ते पायाखाली आले मिठागरावर. पेण-उरणच्या बाजूला, वसई-भाईंदरला, खाली शिरोड्याला आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे आहेत. रायगड-ठाण्याकडे हे काम मुख्यतः आगरी लोकांचे. आपण मीठ बनवतो असे तिथे कोणी म्हणत नाही. मीठ पिकते. हंगाम असतो, वाफे असतात, बांध असतात, पावसाने नुकसान होते. मला हा शब्द रसायनशास्त्राच्या फार जवळचा वाटतो. बनवणे म्हणजे आपण काही जोडणे. इथे माणूस काहीच जोडत नाही. तो पाणी घेतो, अडवतो, योग्य वेळी सोडतो, आणि खडा आपला आपण वाढतो.

या अडवण्या-सोडण्यातच सगळे शास्त्र आहे. एक किलो समुद्रपाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, आणि त्यात सोडिअम क्लोराइड तीन-चतुर्थांशाहून थोडेसे जास्त. उरलेल्यात मॅग्नेशिअमचे क्षार, जिप्सम, थोडे पोटॅशिअम. सगळे पाणी आटवून टाकले तर सगळेच एकत्र खाली बसेल आणि कडू लागेल. १९३० मध्ये मुंबईत सत्याग्रहींनी समुद्राचे पाणी कढयांत कढवून मीठ केले. अशा मिठात कडूपणा राहणारच. ते खाणाऱ्याला त्याचे काही वाटले नसेल, त्या मिठाची गोडी वेगळी होती. पण रोजच्या जेवणासाठी क्षार एकमेकांपासून वेगळे करावे लागतात, आणि ते काम आटण्याच्या क्रमाने होते. १८४९ मध्ये युसिग्लियो याने भूमध्य समुद्राचे पाणी हळूहळू आटवून हा क्रम नोंदवला: आधी चुनखडीचा अंश बसतो, मग जिप्सम, आणि पाणी दहाव्या हिश्श्यावर आले की मीठ धरू लागते. मॅग्नेशिअमचे क्षार पाण्यातच राहतात, ते अगदी शेवटी. म्हणून एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पाणी फिरवायचे: जिप्सम आधीच्या वाफ्यांत टाकून यायचे, मीठ शेवटच्या वाफ्यात घ्यायचे आणि उरलेले कडू पाणी वेळेत काढून द्यायचे. पाण्याची घनता सांगणाऱ्या बोमेच्या मापाने समुद्राचे पाणी तीन-साडेतीन अंशांचे, मीठ धरते पंचविसाच्या पुढे, आणि तिसाच्या आसपास पाणी सोडून द्यायला हवे. उरणजवळच्या एका मिठागरावर मला एका वयस्क आगरी गृहस्थांनी वाफ्यात उतरवले. पायाला पाणी कसे लागते, त्याचा रंग कसा पालटतो हे दाखवले आणि हे पाणी अजून कच्चे आहे, म्हणाले. माझ्या पिशवीत बोमेचे मापक होते. त्याने बावीस दाखवले. ते शाळेत चौथीपर्यंत गेले होते; त्यांच्या पायांना जे कळत होते ते मला काचेच्या नळीशिवाय कळत नव्हते. मिठाची किंमत किलोमागे आपण जी देतो, तिच्यात या ज्ञानाचा आणि उन्हात सोललेल्या तळपायांचा वाटा किती असतो, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

तिथे उन्हाचे काम काय, याबद्दलही एक गैरसमज असतो. ऊन पाणी तापवते, म्हणून मीठ होते असे नाही. शंभर ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला ३५.७ ग्रॅम मीठ विरघळते आणि उकळत्या पाण्यात ३९ च्या आसपास. एवढाच फरक. सोऱ्याचे उलट: शून्याला तेरा ग्रॅम आणि शंभर अंशाला जवळजवळ अडीचशे. सोऱ्याचे गरम द्रावण थंड केले की खडे पडतात. मिठाचे कितीही थंड केले तरी हाती फारसे लागत नाही. पाणी उडूनच जायला हवे. म्हणून मिठागराला ऊन हवे तसा वाराही हवा.

मीठ तापमानाची एवढी बेफिकिरी का दाखवते? कारण विरघळताना त्याचा हिशेब जवळजवळ शून्यावर येतो. ७८७ किलोज्यूलची ती पक्की बांधणी पाणी मोडते, तेही चूलसुद्धा न पेटवता. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन. ते प्रत्येक आयनाला गराडा घालतात आणि त्यातून जवळपास तेवढीच ऊर्जा परत मिळते. फरक उरतो चार किलोज्यूलचा, तोही तोट्याचा. म्हणूनच मीठ विरघळताना पाणी जरासे गार होते. एवढ्या तोट्यात मीठ विरघळते ते आयनांना मोकळे फिरायला मिळते म्हणून; रसायनशास्त्रात या मोकळीकीचेही मोल मोजतात, त्याला एन्ट्रॉपी म्हणतात. पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण या चार किलोज्यूलवर आहे. कोणाला ते अति वाटेल. मला ते कमी वाटते.

आयन हा शब्द फॅरडेने १८३४ मध्ये रूढ केला; ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जाणारा. विजेचा प्रवाह सोडला की पदार्थ फुटतो आणि त्याचे भाग दोन टोकांकडे जातात, अशी तेव्हाची समजूत. स्वान्ते अऱ्हेनिअस याने १८८४ च्या प्रबंधात मांडायला सुरुवात केली, की वीज सोडण्याआधीच द्रावणात आयन वेगळे झालेले असतात. उप्सालाच्या परीक्षकांनी त्या प्रबंधाला जेमतेम उत्तीर्ण केले. १९०३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळाले. पण अऱ्हेनिअसचे गणित मिठासारख्या पूर्ण सुटणाऱ्या क्षारांना लागू पडत नव्हते, आणि या कोड्याला हात घातला कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी. १९१८ मध्ये त्यांनी सुचवले, की आयन द्रावणातही खड्यासारखीच मांडणी धरून असतात, फक्त दूर दूर. ब्रॅगच्या शोधाला पाच वर्षे झाली होती आणि एका भारतीय तरुणाने खड्याचे चित्र थेट पाण्यात नेले. पुढे १९२३ मध्ये डिबाय आणि ह्यूकेल यांनी ताठ मांडणीऐवजी प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराचे हलते ढग कल्पिले आणि ते चित्र टिकले. घोष यांचे टिकले नाही. तरी गर्दीचा विचार केल्याशिवाय द्रावण कळणार नाही, हे त्यांना दिसले होते, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव दोन ओळींतही येऊ नये याचे मला दुःख आहे.

कोकणात मीठ आणि पाऊस यांचे वैर घरोघरी माहीत आहे. जुलैत बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, म्हणून आई त्यात तांदळाचे चार दाणे टाकायची आणि बरणी चिनी मातीचीच असायची. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढू लागते. मॅग्नेशिअम क्लोराइडला तेहतीसच टक्के पुरतात. म्हणजे मिठागरावर कडू पाणी नीट काढले नसेल तर त्याची साक्ष तुमच्या स्वयंपाकघरात हिवाळ्यातही मिळते. माझ्या विद्यार्थिदशेत हेच वैर प्रयोगशाळेत भेटले. अवरक्त किरण काचेतून नीट जात नाहीत, मिठातून जातात. म्हणून नमुना ठेवायच्या चकत्या मिठाच्या स्फटिकाच्या असत. पावसाळ्यात एकदा त्या रात्रभर उघड्यावर राहिल्या. सकाळी पाहिले तर पारदर्शक चकत्या दुधाळ झाल्या होत्या.

आयोडिनयुक्त मिठावर एक प्रकरण आहे, त्यात १९५६ मध्ये कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी यांनी सुरू केलेले गलगंडावरचे काम आले आहे, आणि आपल्या दमट हवेत पोटॅशिअम आयोडाइडपेक्षा आयोडेट का टिकते तेही. मीठ-साखर-पाण्यावर आणखी एक: १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पाण्यावर पटकीचे रुग्ण वाचवले. आतड्यात ग्लुकोज सोडिअमला सोबत घेऊन आत शिरते आणि पाणी त्यांच्यामागून येते. मिठापासून कॉस्टिक सोडा आणि क्लोरिन काढणाऱ्या कारखान्यांवर मी थोडक्यात लिहिले आहे. त्यावर चांगली पुस्तके आहेत.

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी एक करा. थंडीच्या दिवसांत कोमट पाण्यात मावेल तेवढे जाडे मीठ विरघळवा, फडक्यातून गाळा आणि पसरट बशीत खिडकीपाशी ठेवा. हलवू नका. दोन-तीन दिवसांत तळाशी ठोकळे दिसू लागतील. पण पृष्ठभागावर भिंग धरून पाहा: काही खडे पाण्यावर तरंगत असतील, उलट्या पिरॅमिडसारखे, पायऱ्यापायऱ्यांचे, आतून पोकळ. खडा वजनाने खाली खचतो आणि पाण्याच्या कडेला नवी चौकट धरतो. पुन्हा खचतो, पुन्हा धरतो. जड झाला की बुडतो. पहिले प्रकरण त्या बशीपासून सुरू होते.